टेकून मागे आलं की एक

दत्तवाडीत, घुल्यांच्या गिरणीवर, दुसरा मजला.
जिन्यापासूनच चपलेला पीठ लागतं.
तांबोळी मॅडमनी पहिल्या दिवशी माझी वही बघितली
आणि दोन शब्द खोडले: चिडतो. हट्टी.
"हे तुला दिसलं का? दिसलं तेवढंच लिही."
मग मी लिहिलं:
कपाळ गादीला टेकून मागे आलं, की एक.

गादी भिंतीला ठोकलेली. निनाद सहा वर्षांचा.
चाळीस मिनिटं, हातात स्टॉपवॉच.
एक्केचाळीस. अडतीस. चव्वेचाळीस.
मदत करायची नाही अजून, फक्त मोजायचं.
पुढे गेलेला आपला हात
परत मांडीवर कसा ठेवायचा,
याचा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

गुरुवारी शून्य.
पुढच्या गुरुवारीही शून्य.
"गिरणी!" मी जवळजवळ ओरडलेच.
गुरुवारी लाइट नसते, गिरणी नसते.
एरवी चारला पट्टा फिरतो, फरशी थरथरते
आणि तो उठून भिंतीकडे जातो.
मी स्वतःच्या पैशांनी हेडफोन आणले, तपकिरी, जाड फोमचे.
एकोणचाळीस.

मॅडम हसल्या नाहीत.
"आधी काय घडलं, मग त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं.
तिसरा रकाना तू रोज रिकामा सोडतेस."

तिसऱ्या रकान्यात त्याची आई होती.
वृषालीताई पडद्याबाहेर बसायच्या,
बाकीच्या आयांशी बोलत: गॅसचा नंबर,
धाकट्या दिराचं लग्न, वालपापडीचा भाव.
तो आवाज आत यायचा, निनाद मणी ओवायचा.
गिरणी लागली की आवाज दळला जायचा.
मग टेकून मागे. टेकून मागे.
मग पडदा सरकायचा, त्या धावत यायच्या,
डोकं छातीशी, तोंड कानाशी, "काय रे माझ्या राजा."
कपाळाने तो
आईची बेल वाजवत होता.

एका गुरुवारी ताईंचा घसा बसला.
गिरणी बंद. तरी छत्तीस.

मग पिवळं कार्ड.
कार्ड हातात दिलं की आई येणार, कानाशी बोलणार.
डोकं आपटलं तर गादी, आणि फक्त गादी.
पहिल्या दिवशी त्रेसष्ट.
"विझताना दिवा मोठा होतो," मॅडम म्हणाल्या. "थांब."
बावीस. नऊ. दोन.
दोन! घुलेकाकांनी वर गूळदाणे पाठवले.

"आता कार्ड काढून घे.
चार दिवस.
नाहीतर कशावरून कार्डानेच झालं?
हवा बदलली असेल, तो मोठा झाला असेल,
तुझा हा नवा ड्रेस असेल."
बरोबर होतं. मला उत्तर सुचलं नाही.
वृषालीताईंना सुचलं:
"मला कळलंय की. आणखी कुणाला कळायचंय?"
तरी सही केली. सावकाश, पूर्ण नावाची.

तेहतीस.
सत्तेचाळीस.
दोन्ही दिवस आधी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला,
चिमटीत नसलेलं कार्ड धरून.
त्याची व्याख्या आम्ही केलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पडदा वीतभर सरकलेला
आणि ताईंचे ओठ हलत होते.
आवाज होता की नव्हता, गिरणीत कुणाला कळणार.
निनाद बघत राहिला.
मी लिहिलं: एकोणीस.
ओठांचं काही लिहिलं नाही.

चौथा दिवस गुरुवार निघाला.
तारखा ठरवताना मॅडमनी कॅलेंडर बघितलं नव्हतं.
की बघितलं होतं.

शुक्रवारी कार्ड परत दिलं. एक.

अप्पा बळवंत चौकात बाइंडरने पानं टेबलावर आपटली,
बारीकसं पीठ उडालं.
"ताई, या ग्राफची रेघ तीन ठिकाणी तुटलीय.
प्रिंट गंडली का?"
"नाही," म्हटलं.
"तिथे ती तोडावीच लागते."